भातसेच्या काठावरून वाळवंटाकडे : ओमान प्रवासाची पूर्वतयारी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर अरबी समुद्र ओलांडून मुंबईपासून विमानाने तीन तासांच्या आत गाठता येणाऱ्या मस्कत शहरात वर्षभराचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. या आकड्यांमुळे दोन्ही प्रदेश एकमेकांना सर्वस्वी परके वाटतात, आणि इकडून ओमानला निघालेल्या माणसाची तयारी बहुधा टोपी, काळा चष्मा आणि नवी बॅग यांच्या खरेदीपाशीच थांबते. वस्तुतः वाळवंटी देशात जाण्यासाठी जे शिक्षण सर्वांत आधी लागते, त्याचा अर्धा भाग या तालुक्यांतील पाड्यांवर दर उन्हाळ्यात घेतला जातो. उरलेला अर्धा भाग मात्र मुद्दाम शिकावा लागतो, आणि तयारीचे खरे स्वरूप तेच आहे.

मुंबईला पाणी पुरवणारा तानसा तलाव १८९२ साली पूर्ण झाला तो शहापूर तालुक्यात, आणि आज मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा ज्या भातसा धरणातून जातो तेही याच तालुक्यात आहे. तरीही मार्च सरला की डोळखांब, कसारा, विहीगाव या भागांतील अनेक पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते, आणि ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे केवळ बोलण्यापुरती राहत नाही. बेसाल्टचा कठीण खडक आणि तीव्र उतार यांमुळे पावसाचे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही व चार महिन्यांत ओहोळांवाटे वाहून जाते, हे त्याचे भौगोलिक कारण होय. या परिस्थितीत वाढलेल्या बाईला एका हंड्यात किती माणसांची तहान, किती भांडी आणि किती गुरे भागतात याचा हिशेब तोंडपाठ असतो, भाजी धुतलेले पाणी कशाला वापरायचे हे तिला कोणी सांगावे लागत नाही. वाळवंटात नेमकी हीच समज उपयोगी पडते, आणि मोठ्या शहरात नळाखाली वाढलेल्या प्रवाशाकडे ती नसते.

ओमानमध्ये या समजेला हजारो वर्षांच्या व्यवस्थेचे रूप मिळालेले दिसते. तेथील डोंगरपायथ्याच्या गावांना पाणी देणाऱ्या कालव्यांना ‘फलज’ म्हणतात, अनेकवचनी ‘अफलाज’. यांतील काही डोंगराच्या पोटातील भूजलापासून निघून किलोमीटर किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत येतात, काही नदीपात्रातील प्रवाहातून तर काही झऱ्यांतून निघतात. असे तीन हजारांहून अधिक कालवे अजून वाहते आहेत, आणि त्यांपैकी पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला; निझवा शहराजवळचा फलज दारिस हा त्यांतील एक. कालवा गावात शिरतो तेथे पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, नंतर मशिदीचा व धुण्याभांड्यांचा, आणि शेवटी खजुराच्या बागांचा, असा क्रम ठरलेला असतो. शेताला मिळणारे पाणी घनफळाने न मोजता वेळेने मोजतात, दिवसा उभ्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ठराविक ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून पाळी ठरवीत असत, व आता बहुतेक ठिकाणी त्या जागी घड्याळ आले आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरेसारख्या नद्यांवर चालत आलेली फड पद्धत, जिच्यात पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना फलजची रचना समजायला वेळ लागत नाही. शहापूर-मुरबाडहून जाणाऱ्याने मस्कतच्या दुकानांपेक्षा निझवाच्या बागांतील हे पाणीवाटप अर्धा दिवस थांबून पाहावे, कारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडूनही टँकरवर अवलंबून राहणाऱ्या प्रदेशाला शंभर मिलिमीटरवर बागा जगवणाऱ्या गावांकडून पुष्कळ विचारण्यासारखे आहे.

या दोन किनाऱ्यांचा संबंध नवा नाही, हेही निघण्यापूर्वी वाचून ठेवण्याजोगे आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारा नाणेघाट हा जुन्नरला कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग असून, घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे आणि बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकली जात अशी परंपरा सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो, आणि राजकीय संघर्षामुळे त्या बंदरातील व्यापाराला कसा अडथळा झाला होता तेही तीत नोंदलेले आहे. त्याच ग्रंथात आजच्या ओमानच्या धोफार किनाऱ्यावरील ‘मोस्खा’ या बंदराचे वर्णन आहे. भरूच आणि दक्षिण भारताकडून परतणारी गलबते उशीर झाल्यास तेथे हिवाळा काढीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन त्या बदल्यात ऊद घेत, असे त्यात सांगितले आहे. हा ऊद म्हणजे धोफारच्या कोरड्या डोंगरउतारावर वाढणाऱ्या झाडाचा डिंक, आणि ते झाड आपल्या सातपुड्यात आढळणाऱ्या सालईच्याच कुळातील आहे. सलाला शहराच्या पूर्वेस खोर रोरी येथे उत्खननात उघड झालेले सुम्हुराम हे तटबंदीचे शहर म्हणजेच मोस्खा होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाणेघाट चढलेल्या माणसाने ते पाहिले तर एकाच व्यापाराची दोन टोके त्याला जोडता येतात.

अलीकडच्या काळातही हे धागे तुटले नव्हते. १९३२ साली गादी सोडलेले मस्कतचे सुलतान तैमूर बिन फैसल यांचे १९६५ मध्ये निधन झाले ते मुंबईत. आणि आखाती प्रदेशात चालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून काढलेल्या खास रुपयाच्या नोटा ओमानमध्ये १९७० पर्यंत चलनात होत्या. आज तेथे ओमानी रियाल चालतो आणि एका रियालचे हजार बैसे होतात, त्यामुळे दुकानातील किमतीत दशांश चिन्हानंतर तीन आकडे दिसतात, हे लक्षात ठेवले म्हणजे हिशेबात गोंधळ होत नाही.

प्रवासाचा काळ निवडणे हा तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण बाकीच्या चुका पैशांनी भरून काढता येतात, ऋतूची चूक येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मस्कत, निझवा आणि आतील वाळवंट यांसाठी योग्य असतात. मे ते ऑगस्टमधील उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगणे पुरे की २६ जून २०१८ रोजी मस्कतच्या आग्नेयेस समुद्रकाठी असलेल्या कुरियात गावात चोवीस तासांतील किमान तापमानच ४२.६ अंश सेल्सिअस नोंदले गेले. म्हणजे पहाटेही पारा त्याखाली उतरला नाही. मात्र या नियमाला सलाला हा सुंदर अपवाद आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये माहुली आणि माळशेजवर येऊन आदळतो, त्याच वाऱ्याची एक कड धोफारच्या डोंगरांना स्पर्श करून जाते, आणि जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत तेथे धुके, भुरभुर पाऊस आणि हिरवे डोंगर दिसतात. या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात. शहापूरच्या शेतकऱ्याची भातलावणी चालू असते त्याच आठवड्यांत अरबस्तानच्या निरनिराळ्या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे केवळ ओल्या हवेत बसण्यासाठी सलालाला येतात.

हिवाळ्यातील वाळवंटाबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो असा की वाळवंट म्हणजे अष्टौप्रहर उष्णता. कोरड्या हवेत बाष्प आणि ढग नसल्यामुळे दिवसा तापलेल्या वाळूतील उष्णता रात्री झपाट्याने आकाशात निघून जाते आणि डिसेंबर-जानेवारीत आतल्या भागात पहाटे चांगलीच थंडी पडते. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष महिन्यात भरणारी म्हसोबाची यात्रा बैलबाजाराइतकीच घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथे घेतलेली एक घोंगडी वाळूवरच्या रात्री कोणत्याही महागड्या जॅकेटइतकीच कामाला येते. दिवसासाठी सैल, सुती, अंगभर कपडे असावेत. अंग उघडे टाकल्याने गारवा मिळत नाही, उलट ऊन थेट कातडीवर येते. पंचा किंवा मोठे उपरणे डोके, मान आणि वावटळीच्या वेळी नाक-तोंड झाकण्यास पुरते, आणि ओमानी माणसे ‘मुसर’ नावाचे जे वस्त्र डोक्याला गुंडाळतात त्यामागे शोभेबरोबर हाही उपयोग आहे.

उष्णतेविषयी शहापूर-मुरबाडच्या माणसाचा अनुभव काही अंशी फसवा ठरतो. येथील वैशाखातले ऊन त्याने सोसलेले असते, पण ते दमट असते. घाम अंगावर राहतो, कपडे चिंब होतात आणि आपण किती पाणी गमावले याची जाणीव शरीर करून देते. मस्कतच्या किनाऱ्यावर थोडेफार असेच घडते, परंतु आतल्या कोरड्या हवेत घाम आला तसा वाळून जातो, अंग कोरडे वाटते, आणि तासाभरात लिटरभर पाणी निघून गेले तरी माणसाला आपल्याला घाम येतच नाही असा भास होतो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी पिणे, लघवीचा रंग गडद झाला तर तो इशारा समजणे, आणि निव्वळ पाण्याबरोबर मीठही भरून काढणे आवश्यक असते. त्यासाठी औषधाच्या दुकानातील ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे, हे घरगुती प्रमाण विश्वासार्ह आहे. प्रमाण अंदाजाने वाढवू नये, जास्त मीठ लहान मुलांना धोकादायक ठरते. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चक्कर, असंबद्ध बोलणे आणि तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे असून अशा वेळी माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारणे व वारा घालणे हे वाहनाची वाट पाहण्याआधी करायचे काम आहे.

कागदपत्रांकडे वळताना प्रवाशांचे दोन वर्ग वेगळे करावे लागतात : पाहण्यासाठी जाणारे आणि कामासाठी जाणारे. पासपोर्ट दोघांनाही लागतो, त्याची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि त्यासाठीची पोलीस पडताळणी या दोन तालुक्यांत ठाणे ग्रामीण पोलिसांकडून होते. ग्रामीण भागातील नेहमीची अडचण अशी की शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड यांवर नाव तीन तऱ्हेने लिहिलेले असते, आणि जुन्या पिढीत अनेकांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने १ जून अशी टाकलेली असते. ही तफावत अर्ज करण्याआधी दुरुस्त करून घेतली तर महिनोन्‌महिन्यांचा त्रास वाचतो. पर्यटकाला व्हिसा ऑनलाइन मिळतो व त्याच्या अटी अधूनमधून बदलत असल्यामुळे त्या तिकीट काढण्यापूर्वी ओमान सरकारच्या संकेतस्थळावरच तपासाव्यात.

कामासाठी जाणाऱ्यांचा विषय अधिक गंभीर आहे आणि त्यात आळस परवडत नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवासनाची तपासणी आवश्यक, असा शेरा असतो, आणि अशी व्यक्ती ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत यांसह ठरलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी जाणार असेल तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार ‘उत्प्रवासी संरक्षक’ या केंद्र सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीतून होते. भरती करणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे तेथेच तपासता येते, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक रक्कम घेण्याचा अधिकार नाही. ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ या सक्तीच्या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण असते. जमीन किंवा दागिना गहाण टाकून लाख-दोन लाख मोजणाऱ्या आणि ‘आता पर्यटक व्हिसावर जा, तिकडे कामाचा करून देतो’ या शब्दावर विमानात बसणाऱ्या तरुणाला ही कोणतीच ढाल मिळत नाही, म्हणून हा एक परिच्छेद गावातील प्रत्येक दहावी नापास मुलापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. कराराची प्रत घरी ठेवावी, पगार, कामाचे तास आणि परतीचे तिकीट कोणाकडे हे त्यात लिहिलेले असावे, आणि ओमानमध्ये जून ते ऑगस्ट या काळात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे, हे जाणाऱ्याला व त्याच्या घरच्यांना ठाऊक असावे.

सामान भरताना महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातील एक निरुपद्रवी वस्तू विशेष आठवणीने बाजूला काढावी लागते, ती म्हणजे खसखस. अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबियासारख्या देशांत ती अंमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि आखातात इतरत्रही तिची जोखीम घेऊ नये. घरच्या गोड्या मसाल्यात, अनारशांत आणि दिवाळीच्या लाडवांत ती असते, हे आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा घेताना विचारून घ्यावे. चघळण्याचा तंबाखू, गुटखा आणि मावा घरीच ठेवावेत. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत, आणि ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांबाबत आधीच चौकशी करावी. तांदळाचे पापड, नाचणीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कोकम यांना मात्र अडचण नसते. ओमानमधील प्लग तीन चौकोनी पात्यांचे असल्यामुळे त्यासाठी ॲडॅप्टर लागतो.

भाषेची तयारी अल्प असली तरी चालते, कारण मस्कतमध्ये हिंदी समजणारी माणसे पावलोपावली भेटतात. तथापि आकड्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे आणि मराठी वाचकाला त्यात एक सापळा आहे. अरबी लेखनात पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे केवळ एक टिंब असते, त्यामुळे घाईत पाटी वाचणारा पन्नासाला भलतेच काही समजतो. आकडे मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात. शिष्टाचारातील मुख्य गोष्टी थोड्या आहेत : खांदे व गुडघे झाकलेले असावेत, बायकांचे छायाचित्र परवानगीवाचून घेऊ नये, खाणेपिणे व देणेघेणे उजव्या हाताने करावे, रमजानमध्ये सूर्यास्तापूर्वी उघड्यावर खाऊ-पिऊ नये. मस्कतची सुलतान काबूस भव्य मशीद मुस्लिमेतरांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ या वेळात पाहता येते व तेथे बायकांनी डोके झाकणे बंधनकारक आहे. कोणाच्या घरी गेल्यास खजूर आणि वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी पुढे येते. पुरे झाल्यावर रिकामी वाटी हलकेच हलवून परत द्यायची, नाहीतर यजमान ती भरतच राहतो.

प्रत्यक्ष वाळूत शिरण्याची सोय शर्किया वाळवंटात चांगली आहे. मस्कतपासून बिदियापर्यंत डांबरी रस्ता जातो आणि तेथून पुढे वाळूच्या टेकड्या सुरू होतात. वाळूत गाडी चालवताना चाकांतील हवा कमी करतात, कारण पसरट झालेले चाक वाळूत रुतत नाही. एकटी गाडी कधी नेऊ नये, माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी शिवाय राखीव साठा ठेवावा, आणि गाडी अडकलीच तर ती सोडून चालत निघू नये, कारण शोधणाऱ्याला गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. बूट सकाळी झटकून घालण्याची सवय या तालुक्यांतील माणसाला सांगावी लागत नाही. कोकणात विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंवर महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, ते काम ज्या भूमीत झाले तिच्या शेजारचाच हा प्रदेश आहे. अरबस्तानातील विंचूही तितकेच विषारी असल्यामुळे दंश झाल्यावर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे.

वाळवंटात बुडून मरण्याचा धोका असतो, ही गोष्ट नवख्याला पटत नाही. कोरड्या नदीपात्राला अरबीत ‘वादी’ म्हणतात, आणि डोंगरावर कुठेतरी पाऊस झाला की निरभ्र आकाशाखाली पहुडलेली वादी काही मिनिटांत दुथडी भरते; २००७ च्या जूनमधील गोनू चक्रीवादळाने आणि २०२४ च्या एप्रिलमधील पुराने ओमानमध्ये मोठी जीवितहानी केली. काळू किंवा शाई नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्याने घाटमाथ्यावर ढग दिसताच ओहोळातून गुरे वर काढलेली असतात, आणि तोच नियम तेथेही लागू आहे : वादीच्या पात्रात तंबू ठोकू नये, वाहत्या पाण्यातून गाडी घालू नये, हवामानाची सूचना निघाल्यावर डोंगराकडे जाऊ नये. मदतीसाठी ९९९९ हा तेथील पोलिसांचा क्रमांक मोबाइलमध्ये, तसेच मोबाइल बंद पडला तर उपयोगी पडावा म्हणून कागदावरही, लिहून ठेवावा.